तंबूखालचं गवत

उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्यात जायचं ठरलं तेव्हा लेकीने एकच गोष्ट विचारली, "आई, आपण तंबूत झोपणार ना?" तिला बर्फाचं किंवा शिखरांचं तेवढं नव्हतं. बारा वर्षांची आहे, आणि जमिनीवर, आभाळाखाली रात्र काढायची हे तिच्या मनाने घेतलं होतं. माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा मामा, गेली कित्येक वर्षं या खोऱ्याचे नकाशे जमवत आला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. या दिवसांत खालच्या वाटा मोकळ्या होतात, वर थोडं बर्फ उरलेलं असतं आणि पावसाळ्याला अजून अवकाश असतो.

पहिला दिवस : देहराडून ते सांक्री

साधारण दोनशे किलोमीटरचं अंतर, पण सगळा घाट. पहाटे निघालो तरी पोहोचायला संध्याकाळ झाली. मसुरी ओलांडून खाली उतरलं की यमुना भेटते आणि नैनबाग, डामटा, नौगावपर्यंत सोबत करते. नौगावपासून तिला सोडून गाडी पुरोल्याच्या खोऱ्यात शिरते. डोंगरांच्या मधोमध एवढी सपाट भातखाचरं बघून डोळ्यांना बरं वाटतं. इथला लाल तांदूळ नावाजलेला आहे. पुढे चिडाचं जंगल लागलं. खाली सगळीकडे वाळलेल्या सुयांचा तांबूस थर होता. त्याला तिकडे पिरूल म्हणतात, आणि उन्हाळ्यात वणवा पसरतो तो त्याच्यामुळेच.

मोरीला टोन्स दिसली. मामाने गाडी थांबवायला लावली आणि लेकीला पुलाच्या कडेला नेऊन सांगितलं, की ही पुढे डाकपत्थरजवळ यमुनेला मिळते तेव्हा हिच्यात यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं, तरी पुढे नाव यमुनेचंच चालतं. हे लेकीला अन्यायाचं वाटलं आणि नैटवाडपर्यंत ती तेच बोलत राहिली. नैटवाडला रुपीन आणि सुपीन एकत्र येतात आणि तिथून टोन्स हे नाव सुरू होतं. वनखात्याची चौकीही इथेच आहे. नोंद करून परवाना घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे सगळं गोविंद पशुविहार. गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचं हे अभयारण्य १९५५ सालचं. एकूण क्षेत्र सुमारे ९५८ चौरस किलोमीटर, त्यातल्या ४७२ चौरस किलोमीटरला पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हिमबिबट्याचा हा मुलूख. पण या हद्दीत माणसंही पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. त्यांची शेतं, मेंढरं, देवळं सगळं इथेच आहे. त्यामुळे इथे चालताना आपण जंगलात आहोत आणि कुणाच्या तरी अंगणातही आहोत, याचं भान ठेवावं लागतं.

सांक्री साधारण १,९५० मीटरवर. रात्री जेवून लवकर आडवे झालो.

दुसरा दिवस : सांक्री – तालुका – पुआणी गराट

तालुक्यापर्यंत जीप जाते. अकरा-बारा किलोमीटरच आहेत, पण देवदारांतून जाणाऱ्या या रस्त्यावर दोन-तीन ठिकाणी ओढेच आडवे येतात आणि गाडी पाण्यातून काढावी लागते. तालुक्याला आमचे वाटाडे भेटले. ओसल्याचे राहणारे, पन्नाशीचे, बोलणं कमी. आम्ही त्यांना भाईजी म्हणत होतो. तंबू आणि शिधा दोन खेचरांवर चढला, पाठीवरच्या पिशवीत फक्त पाणी, सुका खाऊ, रेनकोट आणि एक गरम कपडा.

वाट नदीकाठाने जाते. ट्रेकर मंडळी हिला सुपीनच म्हणतात. अक्रोड, पांगर आणि कैलची झाडं पाण्यावर वाकलेली, मध्येच एखादा लाकडी पूल. चढ असा नाहीच, म्हणून पाय आपोआप घाई करतात. भाईजींनी आम्हाला दोनदा थांबवलं. "आज जितकं हळू चालाल तितकी परवा डोकेदुखी कमी," एवढंच म्हणाले.

गंगाड गावाच्या अलीकडे पाणी प्यायला बसलो होतो तिथे एक तपकिरी, गुबगुबीत पक्षी प्रवाहातल्या दगडावर येऊन बसला. सारखा गुडघ्यांत वाकून उठाबशा काढल्यासारखा करत होता. मग सरळ त्या फेसाळ पाण्यात चालत गेला. उडी नाही, सूर नाही, जिना उतरावा तसा गेला. लेक घाबरून उभीच राहिली. पाच, सहा, सात... आणि तीन हात पुढे तो दुसऱ्या दगडावर वर आला, चोचीत अळीसारखं काहीतरी धरून. पिसांवर पाण्याचा थेंब राहिलेला नव्हता. इंग्रजीत याला ब्राऊन डिपर म्हणतात. पाण्याच्या तळाशी दगडगोट्यांतून हिंडून किडे वेचायचे हा त्याचा रोजचा धंदा. आम्ही अर्धा तास तिथेच होतो. ट्रेकमध्ये अशा अर्ध्या तासांची जागा आधीच सोडून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. वेळापत्रक घट्ट आवळलं की हेच पहिल्यांदा सुटतं.

मुक्काम पुआणी गराटला, सुमारे २,५०० मीटरवर. गराट म्हणजे पाणचक्की. एक चक्की चालू होती. भाईजींच्या ओळखीने आत जायला मिळालं. दारात वाकून शिरावं लागतं. आत अंधार, गार हवा आणि ताज्या पिठाचा वास. खाली पाटाचं पाणी पोकळ लाकडी पन्हळीतून जोरात येऊन आडव्या चाकावर आदळतं आणि त्या चाकाचा दांडा वरचं जातं फिरवतो. जात्यावर दाण्यांची टोपली टांगलेली. टोपलीला एक काटकी बांधलेली असते आणि तिचं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं असतं. दगड फिरला की काटकी टकटक उडते, टोपली हलते आणि चार दाणे जात्याच्या तोंडात पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, की काटकीही जोरात उडते आणि दाणे जास्त पडतात. पाणी आटलं की दाणेही कमी. लक्ष ठेवायला माणूस लागत नाही. लेकीने त्या काटकीवर बोट ठेवून पाहिलं, दाणे थांबले. बोट काढलं, पुन्हा सुरू. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांची एक आजी कोपऱ्यात बसून हे बघत होत्या. त्यांनी लेकीच्या तळहातावर चिमूटभर पीठ ठेवलं. कोमट होतं.

तंबू लावायला गेलो तेव्हा मला एक गोष्ट दिसली, ती पुढे सगळ्या प्रवासात डोक्यातून गेली नाही. मैदानात ओळीने फिकट पिवळे चौकोन होते. दारावरच्या जुन्या पाटीची जागा भिंतीवर दिसते तसे. आधीच्या तंबूंच्या जागा होत्या त्या. काही चौकोनांत गवत पिवळं पडलं होतं, काहींत नुसती माती. भाईजींनी आम्हाला तंबू अशाच एका मातीच्या चौकोनावर लावायला सांगितला. हिरव्या जागेवर नको, जिथलं गवत गेलंच आहे तिथेच झोपा.

रात्री थंडी वाजेल म्हणून आम्ही तंबूच्या सगळ्या झडपा बंद करून घेतल्या. पहाटे कापडाच्या आतून थेंब टपकत होते आणि स्लीपिंग बॅगची वरची बाजू ओली झाली होती. पाऊस नव्हता, आमच्या तिघांच्या श्वासाचंच पाणी होतं ते. दुसऱ्या रात्रीपासून वरच्या झडपा उघड्या ठेवल्या आणि आत कोरडं राहिलं.

तिसरा दिवस : पुआणी गराट – ओसला – कलकत्तियाधार

आजपासून चढ. नदीपलीकडे उंचावर ओसला गाव. दगड आणि देवदारच्या तुळया आलटून पालटून रचलेल्या भिंती, खाली गुरं-मेंढरांची जागा, वर माणसं. गावात लाकडी नक्षीकामाचं जुनं मंदिर आहे. बाहेरची माणसं याला दुर्योधनाचं मंदिर म्हणतात. गावकरी मात्र सोमेश्वर म्हणाले. मला वाटतं गावाच्या देवाचं नाव गावानेच सांगायचं आणि आपण तेच घ्यायचं. बाया चालता चालता टकळीवर लोकर कातत होत्या. पाठीवर गवताचा भारा, पाय चढणीवर आणि बोटांत अखंड सूत.

शेतं संपली आणि डोंगराच्या कडेने चढत जाणारी वाट सुरू झाली. उजवीकडे खोल दरी, समोर खोरं दोन फाट्यांत उघडतं. एक फाटा रुइनसाराकडे जातो, त्याच्या वर काळानाग म्हणजे ब्लॅक पीक, ६,३८७ मीटर, आणि बंदरपूंछचा बर्फाचा माथा. दुसरा फाटा हर की दूनचा. मामा एका दगडावर बसला तो उठेचना. नकाशावरच्या ज्या रेषांवरून त्याची बोटं फिरली होती त्या आता समोर उभ्या होत्या. तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही.

कलकत्तियाधार सुमारे ३,००० मीटरवर. भाईजींनी धारेच्या माथ्यावरची सपाट, सुंदर जागा सोडून खाली, आडोशाची, थोडी उतरती जागा निवडली. मला ती मुळीच आवडली नव्हती. दुपारी दोन वाजता कारण कळलं.

आधी वारा पडला. मग काळानागच्या बाजूने जांभळट ढग घरंगळत आले. आम्ही तंबूत शिरलो तोच पहिली गार पडली. बोराएवढी असेल. मग इतक्या पडल्या की शेजारी बसलेल्या लेकीचं बोलणं ऐकू येईना. वीज चमकली की ती आकडे मोजायची. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात हे मामाने शिकवलं होतं. नऊ मोजून झाले तेव्हा ती शांत होती. सहा झाले तेव्हा माझ्या कुशीत आली. चार झाले तेव्हा आम्ही तिघंही मॅटवर पाय पोटाशी घेऊन, तंबूच्या दांड्यांना अंग न लावता बसलो होतो. माथ्यावर तंबू लावला असता तर, हा विचार मी तिच्यासमोर बोलून दाखवला नाही. पुन्हा सहा, मग दहा. गारांच्या वजनाने कापड आत झुकायला लागलं की आतून हलकेच थोपटायचं, गारा घसरून खाली पडायच्या.

पाऊणएक तासाने थांबलं. बाहेर सगळं पांढरं. उतारावरून पाण्याच्या बारीक धारा तंबूकडे येत होत्या. मामाने लगेच टोकदार दगड घेतला आणि तंबूभोवती चर खणायला बसला. शाळेच्या शिबिरांत आम्हाला हेच शिकवलेलं. भाईजी धावत आले आणि त्यांनी त्याचा हात धरला. दोन दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

मग त्यांनी खाली बसून दाखवलं. गवताचा एक कोपरा आधीच उसवला होता, तो बोटाने उचलला. खाली मुळांची बोटभर जाडीची, घट्ट विणलेली घोंगडीच होती आणि तिच्याखाली भुसभुशीत, काळी माती. "ही घोंगडी आहे तोवर डोंगर आहे. एकदा कापली की पाणी याच चरातून जाणार, आणि पुढच्या वर्षी इथे घळ असणार." त्यांनी तो कोपरा परत जागेवर दाबून बसवला आणि वर एक चपटा दगड ठेवला. चर न खणता तंबूच हातभर वर सरकवला. मामाने खणलेली चार बोटं माती त्याने स्वतःच हाताने परत भरली.

रात्री जेवताना मामाचं डोकं दुखायला लागलं. ताप नव्हता, उलटी नव्हती, पण भूक गेली होती. भरपूर पाणी, गरम सूप आणि झोप, एवढंच केलं. आभाळ धुऊन निघालं होतं. सप्तर्षी डोक्यावर, स्वाती नारिंगी, आणि दक्षिणेच्या डोंगरामागून वृश्चिकाचा आकडा वर सरकत होता. त्यातली ज्येष्ठा इतकी लाल मी कधी पाहिली नव्हती.

चौथा दिवस : हर की दून

सकाळी मामाचं डोकं थोडं हलकं होतं, पण राहिलं नव्हतं. भाईजींनी सांगितलं, डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही, हा नियम कोणासाठीही मोडत नाही. मामाने वाद घातला नाही. लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत म्हणाला, "तू नीट बघून ये. मला सगळं सांगायचंस." मला रडू येत होतं. त्याच्याजवळ स्वयंपाकी थांबला आणि आम्ही तिघं निघालो.

वाट जंगलातून, धबधब्याजवळून, मग बुरांशाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, ठेंगण्या झाडांतून जाते. खालचा लाल बुरांश केव्हाच संपला होता. इथे वर फिकट जांभळा फुलला होता. तीन तासांनी झाडं संपली आणि खोरं उघडलं. दून म्हणजे खोरं, देहराडूनमध्ये आहे तेच. हर की दून, देवाचं खोरं. उंची ३,५६६ मीटर. समोर स्वर्गारोहिणीची शिखरं, त्यातलं सर्वांत उंच ६,२५२ मीटर. पांडव याच वाटेने स्वर्गाला गेले असं इथे सांगतात. मधोमध ओढे, लाकडी पूल, आणि बर्फाचे उरलेले पट्टे. या पट्ट्यांच्या अगदी कडेला, जिथे काल-परवापर्यंत बर्फ होतं, तिथे लहान पिवळी फुलं उमललेली. बोटभर अंतरावर बर्फ आणि फूल.

लेकीला तिथेच तंबू लावायचा होता. तिची जागासुद्धा ठरली होती, ओढ्याच्या वळणावर. मी घरी सांगितलं होतं की नाही लावता येणार, पण जागा बघितल्यावर पुन्हा विचारल्याशिवाय राहवलं नसेल. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि एका वेळी जाणाऱ्या माणसांची संख्या जास्तीत जास्त २०० ठरवली. ट्रेकिंगवर पोट असलेल्या गावांना हा निकाल जड गेला. त्यांचं म्हणणं मला कळतं. ज्या माणसाने काल गवताची घोंगडी परत शिवल्यासारखी बसवली त्याची रोजीही या वाटेवरच आहे. तरीही तिथे उभं राहिल्यावर मला तो निर्णय पटला. हे गवत वर्षातले पाच-सहा महिने बर्फाखाली असतं. उरलेल्या थोड्या महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. त्यात महिनाभर त्याच्यावर तंबू उभा राहिला तर त्याचं ते वर्षच गेलं. आणि पुआणी गराटला पाहिलेले पिवळे चौकोन इथे नव्हते.

लेक थोडा वेळ गप्प होती. मग ठरवलेल्या जागेशेजारच्या दगडावर जाऊन झोपली, पाठ टेकून, अर्धा तास. "झाला मुक्काम," म्हणाली.

पूल ओलांडून जौंधार हिमनदीच्या दिशेने तासभर गेलो. तिथे भूर्जाची झाडं आहेत. कागदासारखी साल वाऱ्यावर फडफडत असते, एकाखाली एक, गुलाबीसर, आडव्या बारीक रेघांची. याच सालीवर आपल्या लोकांनी पोथ्या लिहिल्या. खाली पडलेला एक तुकडा लेकीने मामासाठी उचलला. राष्ट्रीय उद्यानातून काहीच न्यायचं नसतं हे तिला माहीत होतं, तरी बराच वेळ हातात धरून होती. मग तिने वही काढली, तो तुकडा पानावर ठेवून पेन्सिलीने वरून घासून त्याच्या रेघांचा ठसा घेतला आणि साल झाडाखाली परत ठेवली.

संध्याकाळी परतलो तेव्हा मामा तंबूबाहेर चहा पीत बसला होता. डोकं राहिलं होतं. तिने त्याला वही दिली आणि अंधार पडेपर्यंत एकेक गोष्ट सांगत राहिली. पिवळी फुलं बर्फापासून किती बोटांवर होती तेसुद्धा.

पाचवा दिवस : परत पुआणी गराट

उतार. गुडघे बोलायला लागले, बाकी विशेष काही नाही. ओसल्याखाली भाईजींच्या घरी त्यांच्या पत्नीने राजमा-भात वाढला. इथला बारीक राजमा शिजून अगदी मऊ होतो, पण साल फुटत नाही. मामा दोनदा वाढून घेऊन जेवला.

पुआणी गराटला आमचा मातीचा चौकोन दुसऱ्या कुणी घेतला होता आणि जागा उरली होती ती हिरवीच. एका रात्रीचा प्रश्न होता. झोपलो, पण मला नीट झोप लागली नाही.

सहावा दिवस

सकाळी चहाआधीच तंबू उतरवला. खुंट्या काढल्या, मोजल्या, चौदाच्या चौदा होत्या. खालचं कापड उचललं तर गवत सपाट, ओलं, एका दिशेने निजलेलं. तंबूएवढा चौकोन लख्ख दिसत होता. खेचरं लादली जात होती, तालुक्याची जीप गाठायची होती, भाईजी एकदा घड्याळ बघून गेले.

लेक गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी गवत विंचरायला लागली, कडेकडून आत, एकेक वीत. मामा दुसऱ्या बाजूने बसला. पिशवी पाठीवरून उतरवून मीही बसले. गराटातून टकटक ऐकू येत होती. निम्मा चौकोन झाला तेव्हा भाईजी परत आले, उभे राहून पाहिलं, आणि उरलेल्या कोपऱ्यात येऊन बसले.